सणाचा चित्रपट : दर्शन की श्रवण?

सणाच्या दिवशी सगळ्या घराने मिळून ठरलेला चित्रपट पाहायचा, ही रीत विसाव्या शतकातली. ख्रिस्ती जगात ती नाताळच्या सुट्टीला चिकटली. महाराष्ट्रात तिचे दिवस आषाढी आणि कार्तिकी एकादशीचे. सकाळी विठ्ठलाच्या देवळात रांग लावून झाली, भगर-आमटी किंवा साबुदाण्याची खिचडी झाली, की दुपारी दूरचित्रवाणीवर ‘संत तुकाराम’ नाहीतर ‘पंढरीची वारी’ लागलेला असे. गोष्ट पाठ, गाणी पाठ, शेवट ठाऊक. तरी पुढच्या वर्षी तोच चित्रपट तितक्याच मनापासून पाहिला जाई. वैकुंठगमनाच्या प्रसंगाला आजीचे हात आपोआप जुळतात आणि नेमके तेव्हाच नातवंडांपैकी कोणीतरी विचारते, हे गरुडाचे विमान उडवले कसे? या दोन प्रतिक्रियांच्या मध्ये धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे. पडद्यावरच्या देवाला जोडलेले हात ही उपासना, की करमणुकीला नेसवलेले सोवळे?

परभणी जिल्ह्यातून पाहिले तर हा प्रश्न अधिक नेमका होतो. गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मगाव. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणीतच होते. पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान असल्याची श्रद्धा आहे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पंढरपूरला जाते. ज्यांच्या गोष्टी पडद्यावर दिसतात ते संत इथे गावच्या माणसांसारखे आहेत. त्यामुळे ‘खरी जनाबाई’ आणि ‘सिनेमातली जनाबाई’ यांतले अंतर गंगाखेडच्या माणसाला मुंबईकरापेक्षा लवकर जाणवते.

भारतीय कथापटाचा उगमच एका ख्रिस्तचरित्राशी जोडलेला आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. काही चरित्रकार तो नाताळचा खेळ सांगतात, काही ईस्टरचा. सणाचा खेळ होता, यावर दोघांचे एकमत आहे. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकातल्या लेखात फाळक्यांनी त्या अनुभवाची आठवण लिहिली. डोळ्यांसमोरून ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते. पडद्यावर एक देव आणि पाहणाऱ्याच्या मनात दुसरा, अशी ही घटना आहे. तिचे व्यावसायिक फळ सर्वांना ठाऊक आहे : ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’, १९१७ चा ‘लंकादहन’, १९१८ चा ‘श्रीकृष्णजन्म’. तिचा धर्मशास्त्रीय अर्थ मात्र फारसा कोणी उलगडत नाही. चित्राने आपला देव पाहणाऱ्यावर लादला नाही; पाहणाऱ्याने आपला देव बरोबर आणला होता.

एक योगायोग इथे नोंदवण्याजोगा आहे. जनाबाईच्या नावावर अभंगांखेरीज जी आख्याने सांगितली जातात, त्यांत हरिश्चंद्राख्यान आणि कृष्णजन्म ही दोन्ही आहेत. गंगाखेडच्या दासीच्या नावावर शतकानुशतके चालत आलेले विषयच भारतीय पडद्याने पहिल्या पाच वर्षांत हाती घेतले. फाळक्यांनी ते जनाबाईकडून घेतले असे म्हणण्याला आधार नाही. कीर्तनकार, आख्यानकवी, नाटक मंडळ्या आणि रविवर्म्याची चित्रे अशा अनेक वाटांनी या कथा मराठी घरांत मुरल्या होत्या. चित्रपटाने कथा नव्याने सांगितली नाही, ठाऊक असलेली कथा पुन्हा सांगितली. सणाच्या चित्रपटाचे सगळे बळ याच ‘पुन्हा’मध्ये आहे.

नाताळच्या चित्रपटांचा इतिहासही हेच सांगतो, पण एका फरकाने. इंग्रजी जगात नाताळला आवडीने पाहिले जाणारे बहुतेक चित्रपट ख्रिस्ताविषयी नाहीतच. त्यांचे मूळ बायबलपेक्षा चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये अधिक आहे. १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालेल्या या छोट्या पुस्तकात एक कवडीचुंबक सावकार एका रात्रीत माणसात येतो. चर्चचा त्यात उल्लेख येतो, ख्रिस्त जवळजवळ येतच नाही. १९४६ चा फ्रँक काप्रा दिग्दर्शित ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ त्याच वळणाचा. लहान गावात घरबांधणीसाठी कर्ज देणारी पतपेढी चालवणारा जॉर्ज बेली आठ हजार डॉलर हरवल्यामुळे नाताळच्या आदल्या रात्री पुलावरून जीव द्यायला निघतो. एक बावळट देवदूत त्याला दाखवतो, की तो जन्मलाच नसता तर गावाचे काय झाले असते. शेवटी गावकरी वर्गणी काढून पैसे भरतात. पैसे दाबून बसलेल्या धनिकाला शिक्षा होत नाही, त्याचे पापही उघडे पडत नाही; सुखान्त म्हणून गाजलेल्या चित्रपटात ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट फारसा चालला नव्हता. १९७४ साली त्याच्या हक्कांचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रांना तो जवळजवळ फुकट मिळू लागला आणि दर डिसेंबरात दाखवता दाखवता तो नाताळचा चित्रपट बनला. कागदपत्रांतल्या एका हलगर्जीपणातून परंपरा जन्मली. अशा उगमामुळे परंपरा खोटी ठरत नाही. अनेक व्रतांचे उगम याहून किरकोळ आहेत.

१९९० च्या ‘होम अलोन’मध्ये चोर आणि सापळे यांच्या धांदलीत एक शांत प्रसंग चर्चमध्ये घडतो, बाकी सारी धमाल. १९८८ चा ‘डाय हार्ड’ हा गोळीबाराचा चित्रपट नाताळचा म्हणायचा की नाही, यावर तिकडे दरवर्षी वाद होतो. तो वाद गंमतीचा असला तरी त्यातून कसोटी स्पष्ट होते : विषय कोणता यापेक्षा कोणत्या दिवशी आणि कोणाबरोबर पाहिला, यावर चित्रपटाचे सणपण ठरते. व्हॅटिकनने १९९५ साली, सिनेमाच्या शताब्दीनिमित्त, ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली आणि तिचे धर्म, मूल्ये आणि कला असे तीन भाग पाडले. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ त्यात ‘मूल्ये’ या भागात आहे, ‘धर्म’ या भागात नाही. रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ही त्याच भागात आहे. म्हणजे धर्मपीठानेही नाताळच्या सर्वांत लाडक्या चित्रपटाला धर्मचित्र मानले नाही.

मराठी सणपटाचे तसे नाही. त्यात संत असतात, देव असतो, चमत्कार असतो. म्हणून त्याच्याबाबत उपासनेचा प्रश्न टाळता येत नाही. या प्रश्नाला उत्तर देताना बहुतेक जण ‘दर्शन’ ही कल्पना पुढे करतात. हिंदू परंपरेत देव पाहणे हीच पूजा आहे, मूर्तीकडे पाहावे तसे पडद्याकडे पाहिले जाते, असे हे म्हणणे. अभ्यासकांनी ते इतक्यांदा सांगितले आहे की आता ते तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. तपासले तर अडचण दिसते. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो : श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास यांनी दासबोधाचा चौथा दशक याच नऊ प्रकारांना दिला आहे आणि त्याचा पहिला समास श्रवणाचा आहे. या नवांत पाहणे हा स्वतंत्र प्रकार नाही. पाय चेपणे आहे, फुले वाहणे आहे, ऐकणे तर सर्वांच्या आधी आहे. मूर्तीचे दर्शन अर्चन-वंदनाच्या पोटात येते, आणि अर्चनाला समोर प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती लागते. पडद्यावरच्या प्रकाशाला कोणी प्राणप्रतिष्ठा केलेली नसते. तेव्हा सणाचा चित्रपट भक्तीत कुठे बसवायचाच असेल, तर तो पहिल्या पायरीवर, श्रवणात बसतो. तो देवळाचा नातलग नाही. त्याचे कूळ कीर्तनाचे.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत सेंट्रल सिनेमात लागलेला प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट तिथे वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच १९३६ साली, जून महिन्यात, पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी खास धर्मपत्र काढून या नव्या माध्यमाच्या नैतिक बळाची आणि धोक्याची चर्चा केली होती. रोम चित्रपटाला कसे आवरावे याचा विचार करत असताना पुण्यात एक हिंदू आणि एक मुसलमान दिग्दर्शक मिळून वारकरी संताचे कीर्तन पडद्यावर उभे करत होते.

हा चित्रपट चमत्कारांमुळे टिकला असे समजणे चूक आहे. चमत्कार त्यात आहेत. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तरते, शेवटी विमान येते. पण तो ज्या प्रसंगामुळे आजही अंगावर येतो, त्यात एकही युक्तीचे चित्रण नाही. मुलगा तापाने फणफणलेला आहे, घरात दाणा नाही, नवरा भजनात. जिजाई एका हाताने मुलाला ओढत आणि दुसऱ्या हातात पायातली वहाण घेऊन थेट देवळात शिरते आणि विठ्ठलाला जाब विचारते. गौरी या अभिनेत्रीने हा प्रसंग असा काही केला आहे, की पाहणाऱ्याला तिची बाजू पटते. तुकारामांची थोरवी मान्य करूनही पटते. संसाराचा हा हिशेब चित्रपट शेवटपर्यंत मिटवत नाही. तुकाराम वैकुंठाला जातात, जिजाई पोराबाळांसह देहूतच राहते. नाताळच्या चित्रपटात जॉर्ज बेलीची तूट गावकरी भरून देतात. जिजाईची तूट कोणी भरत नाही. सणाच्या दिवशी सहकुटुंब पाहायच्या चित्रपटात ही जखम उघडी ठेवणे हे धाडस होते, आणि धर्मविचार म्हणून ते काप्राच्या सुखान्तापेक्षा खोल आहे. देवाला शिव्या घालणारीही भक्तच असते, हे वारकरी संप्रदायाला आधीपासून ठाऊक होते. नामदेवांनी आणि जनाबाईने विठ्ठलाशी असेच भांडून घेतले आहे.

कीर्तनाशी नाते दुसऱ्या एका गोष्टीतही दिसते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक गीत लोकांना तुकारामांचाच अभंग वाटले आणि अनेक वर्षे तसेच समजले गेले. कोणी याला फसवणूक म्हणेल. पण संतांच्या गाथा अशाच वाढत आल्या आहेत. नाममुद्रा थोरांची आणि शब्द नंतरच्या भक्ताचे, असे अभंग गाथेत किती तरी असतील. ऐकणाऱ्यांनी ते गीत स्वीकारले, कारण ते कानाला आणि मनाला तुकारामांच्या जवळचे वाटले. श्रवणाची कसोटी अशीच चालते.

आता गंगाखेड. जनाबाईचे चरित्र परंपरेने असे सांगितले जाते : दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त जोडप्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि जन्मभर तिथे दासी म्हणून राबली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत दळण, कांडण, पाणी भरणे, गोवऱ्या थापणे, केर काढणे, डोक्यातल्या उवा मारणे असे सगळे आहे, आणि या प्रत्येक कामात विठ्ठल तिच्या हाताखाली आहे. तो जाते ओढतो, केर भरतो, न्हाऊ घालतो. नाताळच्या कथेशी याचे जवळचे नाते आहे. गोठ्यात जन्मलेला देव आणि दासीच्या जात्याचा खुंटा धरणारा देव, दोघेही आपली पायरी सोडून खाली उतरलेले आहेत. दोन्ही सणांच्या गाभ्याशी हीच कल्पना आहे : देवाची थोरवी त्याच्या उतरण्यात आहे. फरक एवढाच, की ख्रिस्ती विचारात हे उतरणे इतिहासात एकदा घडते, जनाबाईकडे रोज पहाटे.

प्रभातने १९४९ साली ‘संत जनाबाई’ काढला. जनाबाईची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. त्याआधी १९४१ च्या ‘संत सखू’मध्येही त्याच होत्या. जनाबाईवर चित्रपट काढणाऱ्या कोणालाही एक पेच सोडवावा लागतो, आणि तो तांत्रिक नाही, तत्त्वाचा आहे. विठ्ठल जाते ओढतो, हे अभंगात फक्त जनी सांगते. नामदेवांच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तो दिसत नाही. गोष्टीतला कळसही त्यावरच उभा आहे : देवाचे पदक तिच्या खोपटात सापडते, चोरीचा आळ येतो, तिला सुळावर देण्यास नेतात आणि सुळाचे पाणी होते. देव आल्याचे लोकांना दिसले असते, तर आळ आलाच नसता. अभंगाचे सत्य एका दासीच्या साक्षीवर टिकून आहे, आणि ती साक्ष मानायची की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवायचे आहे. कॅमेरा विठ्ठलाला जात्याशी बसवतो त्या क्षणी तो तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला दिसतो, नास्तिकालाही. मग विश्वास ठेवायचे काही उरत नाही. पाहणाऱ्याला जनीपेक्षा कमी कष्टांत जनीइतकेच मिळते.

जात्यावरची ओवी नेमकी उलट वागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. दळणाऱ्या बाईच्या ओवीत विठ्ठल सोयरा असतो, भाऊ असतो, कधी रुसतो, कधी घरी येतो. पण तो दिसावा अशी सोय ओवी करत नाही. गाणारी आणि ऐकणारी मिळून त्याला आणतात. मराठवाड्यात पिठाच्या गिरण्या आल्या तशी जाती बंद पडली आणि ओवीची पहाट गेली. तिची थोडी जागा आधी रेडिओने आणि मग एकादशीच्या चित्रपटाने घेतली, हे खरे आहे. पण ओवीत बाई स्वतः गात होती. चित्रपटापुढे ती बसून राहते.

चेहऱ्याचा प्रश्न याच पेचातून निघतो. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तो ग्रँट रोडवरच्या खाणावळीत आचारी होता. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातले काढून ठेवत, असे सांगतात. लोक त्या आचाऱ्याला रामच समजले, असा याचा अर्थ घेणे म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना भाबडे ठरवणे होय. कथा कोणाची आहे हे ते जाणत होते, आणि मान कथेला होता. रामलीलेत आणि दशावतारातही असेच चालत आले आहे. विष्णुपंत पागनीस यांच्याबाबत मात्र गोष्ट पुढे गेली. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे हे नट तुकाराम झाले आणि बाजारात तुकारामांची म्हणून मिळणाऱ्या कितीतरी तसबिरी त्यांच्या चेहऱ्यावर बेतल्या गेल्या. सतराव्या शतकातल्या तुकारामांचे खात्रीचे चित्र नाही. ती रिकामी जागा सिनेमाने भरली. पाथरीच्या साईबाबांचे थोडे वेगळे आहे. त्यांची छायाचित्रे आहेत. मराठीत १९५५ साली कुमारसेन समर्थ यांचा ‘शिर्डीचे साईबाबा’ आला आणि १९७७ च्या हिंदी ‘शिर्डी के साईबाबा’त सुधीर दळवी यांनी केलेली भूमिका घराघरांत पोहोचली. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा होताच शिर्डीत बंद पाळला गेला. साईबाबा जन्मले कुठे, हा वाद तेव्हा राज्यभर गाजला. गाव कोणते यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मनात चेहरा मात्र एकच होता.

नट कोणत्या धर्माचा, हा प्रश्न जुन्या प्रेक्षकांना पडला नाही, हेही सांगायला हवे. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. कृष्णाच्या भूमिका त्यांनी इतक्या केल्या, की मराठी घरांत कृष्ण म्हटले की त्यांचा चेहरा आठवे. त्याच अहमदनगरशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत आणि ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणत. नाताळ आणि एकादशी यांच्यामधली वाट मराठी मुलखात अशी दोन्ही बाजूंनी चाललेली आहे.

दर्शनाचा आग्रह टोकाला गेला की काय होते, याची दोन उदाहरणे पुरेत. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’च्या खेळांना लोक चपला बाहेर काढून बसत, पडद्यावर नाणी आणि फुले उधळत. चित्रपटानंतर सोळा शुक्रवारचे व्रत आणि आंबट न खाण्याचा नेम देशभर पसरला. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि घरोघर दूरदर्शन संचाला हार पडू लागले. या दोन्हींची टिंगल करणे सोपे आहे, पण त्यांत फरक आहे. संतोषीच्या व्रतात बाईला करायला काहीतरी होते : उपवास, गूळ-चणे, कथावाचन. संचाला हार घालणाऱ्याला मात्र बसून पाहण्यापलीकडे काही नव्हते. म्हणून एक व्रत म्हणून टिकले आणि दुसरे आठवण म्हणून. तेलुगूतला १९७८ चा ‘करुणामयुडु’ हा ख्रिस्तपट अनेक भारतीय भाषांत रूपांतरित झाला आणि धर्मप्रचारकांनी तो गावोगाव दाखवला. तिथेही खेळ संपल्यावर प्रार्थना होई, कारण नुसते पाहणे पुरेसे नाही हे त्यांनाही कळले होते.

रसशास्त्राने हा मुद्दा हजार वर्षांपूर्वी मांडला आहे. अभिनवगुप्ताच्या मते नाट्य पाहताना प्रेक्षकाचा ‘मी’ काही काळ मागे सरतो; दुःख रामाचे की आपले हा भेद उरत नाही, म्हणूनच त्या दुःखाचाही आस्वाद घेता येतो. हा आस्वाद ब्रह्मानंदाच्या जवळचा आहे, पण तोच नाही, कारण नाट्य संपले की तोही ओसरतो. ज्ञानेश्वरांनी अकराव्या अध्यायाच्या आरंभी विश्वरूपदर्शनाची तयारी करताना शांत रसाकडे अद्भुत पाहुणा आल्याचे रूपक केले आहे. संतपटांना लावायची याहून चांगली कसोटी सापडणार नाही. घर शांताचे असावे, अद्भुताने पाहुण्यासारखे यावे आणि मुक्काम ठोकू नये. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालते आणि रेडा वेद म्हणतो, चित्रण देखणे आहे, पण पाहुणा तिथे जरा जास्त दिवस राहिला आहे. ‘संत तुकाराम’मध्ये घर जिजाईचे आहे. त्याच अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूप दिसण्याआधी दिव्य दृष्टी द्यावी लागते. समोर देव उभा असून साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, असे गीता सांगते. मग कॅमेऱ्याच्या भिंगाने दाखवलेल्या देवाचे काय घ्यायचे?

यावर चित्रपटाने स्वतःच एक उत्तर शोधले आहे. परेश मोकाशी यांचा २०१४ चा ‘एलिझाबेथ एकादशी’ कार्तिकी यात्रेतल्या पंढरपुरात घडतो आणि त्यात एकही चमत्कार नाही. वडील वारलेले, आईचे विणकामाचे यंत्र कर्जापायी जप्त झालेले, वडिलांनी बनवून दिलेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल विकायची वेळ आलेली. ज्ञानेश आणि त्याची बहीण मित्रांना घेऊन यात्रेत बांगड्यांचे दुकान लावतात. या मुलाच्या संतांच्या यादीत न्यूटनही आहे आणि तो त्याच्यावरही कीर्तन करतो. लाखो वारकरी विठ्ठलाला भेटायला आले आहेत आणि पोरे पाच हजारांच्या मागे. विठ्ठल कुठेही प्रकट होत नाही. लहान मुलांच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या या चित्रपटात कर्ज, सण, गाव आणि अब्रू ही काप्राच्या चित्रपटातली सगळी सामग्री आहे, फक्त देवदूत वगळला आहे. जनाबाईच्या अभंगांशी हा चित्रपट कित्येक संतपटांपेक्षा प्रामाणिक आहे, कारण यात देव कामात आहे आणि दिसत नाही. २०११ चा उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो : देव ‘दिसला’ की गावात दुकाने, कमिटी आणि राजकारण कसे येते. सणाच्या दिवशी तो लावण्याचे धाडस फारसे कोणी करत नाही. करायला हरकत नाही.

तेव्हा परभणी, गंगाखेड, पाथरी किंवा आणखी कुठल्या घरात सुट्टीचा चित्रपट निवडायचा असेल, तर आषाढीला ‘संत तुकाराम’ आणि कार्तिकीला ‘एलिझाबेथ एकादशी’ पाहावा. नाताळच्या सुट्टीत ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ मुलांना समजावून सांगत पाहता येतो. पण चित्रपट श्रवणात मोडत असेल, तर प्रल्हादाच्या क्रमात त्याच्यापुढची पायरी कीर्तनाची आहे, आणि ती पडद्याला चढता येत नाही. म्हणून ‘संत तुकाराम’ची १३१ मिनिटे संपली, की संच बंद करून घरातल्यांनी हरिपाठ म्हणावा. त्याला अर्धा तास पुरतो.